मेंढपाळाचा कोट

बसवनगुडीची कडलेकाई परिषे झाली की आमच्या बंगळुरूत थंडी आली. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाभोवती भुईमुगाच्या शेंगांच्या राशी लागतात आणि त्याच सुमारास सकाळी फिरायला निघालेल्या माणसांच्या डोक्यांवर कानटोप्या दिसायला लागतात. पारा तेव्हा पंधरा-सोळा अंशांवर असतो. या शहरात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १३ जानेवारी १८८४ चं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असलेलं हे गाव म्युनिकपेक्षाही बरंच वर आहे, पण स्वेटर आणि शालीच्या पुढं इथल्या थंडीची मजल जात नाही. कोट ही इथं कपाटात राहणारी वस्तू. ज्या घरातली मुलं परदेशी आहेत, त्या घरात तो डांबराच्या गोळ्यांच्या वासात टांगलेला असतो.

आमच्या मैत्रिणींमध्ये असा एक कोट आहे. काळा, फुगीर, गुडघ्याच्या खाली पोचणारा. एकीनं दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाकडे शिकागोला जाताना घेतला. परत आल्यावर दुसरीला दिला, कारण तिला सुनेच्या बाळंतपणासाठी टोरांटोला जायचं होतं. तेव्हापासून तो थांबलेला नाही. मल्लेश्वरम, जयनगर, राजाजीनगर इथल्या घरांतून निघतो, परक्या देशातला हिवाळा काढून येतो, ड्रायक्लीन होतो आणि पुढच्या घरी जातो. पूर्वी चाळीत एकच पुरणयंत्र दहा घरांत फिरायचं तशी ही पद्धत, आणि मला ती फार मोलाची वाटते. लेकीकडे म्युनिकला पहिल्यांदा गेले ती मीही त्याच कोटात. परत आल्यावर एकदा आम्ही सगळ्या जमलो होतो, एकमेकींच्या मोबाइलवरचे फोटो बघत होतो. नायगारा, लंडनचा टॉवर ब्रिज, आल्प्सचा बर्फ. सगळीकडे तोच कोट. चेहरे तेवढे वेगळे, आणि तेही मफलरमध्ये अर्धे बुडालेले.

ते फोटो बरेच दिवस मनात राहिले. आम्ही सगळ्या साडी पारखून घेणाऱ्या बायका. इरकलीचा पदर उलगडून बघणाऱ्या, काठाची वीण बोटांनी चाचपणाऱ्या, रंग खरा कळावा म्हणून साडी दुकानाच्या दारापाशी उजेडात नेणाऱ्या. आणि चार-सहा महिने अनोळखी गावात राहायचं असतं तेव्हा मात्र अंगावर काय आहे याचा विचारच करत नाही. ऊब मिळाली की झालं, म्हणतो. या वयात कुणाला दाखवायचंय, म्हणतो. मला हे पटत नाही. थंडीच्या देशात घराबाहेर पडलेल्या माणसाचा कोटच आधी दिसतो. आतली इरकल कुणाला दिसत नाही. ट्रामच्या थांब्यावर, बेकरीच्या रांगेत, नातवाच्या बालवाडीच्या फाटकाशी लोक बघतात तो कोट. तिथल्या वयस्कर बायका हे जाणून असतात. ऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत येते, पण कोट खांद्यावर नेटका बसलेला असतो, गळ्याशी रंग जुळवून रुमाल बांधलेला असतो. त्यात मला दिखाऊपणा कधी दिसला नाही. त्या स्वतःला जपत होत्या.

याच विचारात, डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींची आठवण झाली. बंगळुरूचा पारा ७.८ वर उतरला त्या जानेवारीत त्या फिलाडेल्फियात होत्या. वय अठरा, अमेरिकेतला पहिला हिवाळा. ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा पेहराव आणि आहार आपलाच ठेवायचा हा निश्चय त्यांच्या मनात पक्का होता. पण नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिथल्या थंडीत ते सोसवेना. मग त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण बदललं. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी पेटवली की सगळीकडे धूर व्हायचा, विझवली की गारठा. धूर किंवा थंडी, यातलं एक निवडायचं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या खांद्यांवर कुणी चांगला जाड कोट घातला असता तर, असं मनात येतं. क्षय कोटानं हटत नाही हे कळतं, तरी येतं. आणि हेही जाणवतं की त्या मुलीनं कपड्याचा प्रश्न किरकोळ मानला नव्हता. ऊब हवी आणि आपण आपल्यासारखं दिसायलाही हवं, या दोन्ही गोष्टींसाठी तिनं वाट शोधली.

दुसऱ्यांदा म्युनिकला निघाले ती कोट तिथंच घ्यायचा असं ठरवून. लेक म्हणाली, "आई, जानेवारी अखेरपर्यंत थांबलीस तर सेलमध्ये मिळेल." पण जानेवारी अखेर म्हणजे हिवाळा निम्मा सरलेला. नोव्हेंबरातच आम्ही मारिएनप्लात्झच्या आसपासची दुकानं हिंडलो. कोट अंगात घालून बघताना खाली जाड स्वेटर असावा लागतो, नाही तर दुकानात बसलेला कोट पहिल्या बर्फात काखेत आवळतो, हे मी पहिल्या दुकानात शिकले. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे, हे दुसऱ्या. साडीवर घालायचा असेल तर कोटाला मागे घेर हवा, म्हणजे निऱ्या दबत नाहीत. हे कुणी सांगितलं नाही, आरशात दिसलं.

प्रत्येक कोटाच्या आतली चिठ्ठी मी वाचत होते. व्हिएतनाम, चीन, बांगलादेश, तुर्कस्तान. एका फुगीर जाकिटावर भारत. गावाचं नाव त्या चिठ्ठीवर नसतं. पण पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांतल्या कारखान्यांत थंड देशांसाठी जाकिटं शिवली जातात, हे बंगळुरूत राहणाऱ्याला माहीत असतं. रामनगर, मद्दूरकडून पहाटे डबा घेऊन निघालेल्या बायकांनी भरलेल्या गाड्या मी कित्येकदा पाहिल्या आहेत. त्या जाकिटाच्या टोपीची शिवण इतकी सरळ होती की मी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. जाकीट घेतलं नाही, पण परत टांगताना हाताला जरा वेळ लागला.

मग एका दुकानात लोडनचे कोट दिसले. लांबून बघताना एकदम भरदार कापड, शेवाळी हिरव्या रंगाचं, वीण कुठंच दिसत नाही. हात लावला आणि हाताला ते ओळखीचं वाटलं. लेकीनं विक्रेत्या बाईला विचारून मला सांगितलं ते असं: हे मुळात आल्प्सच्या डोंगरातल्या गुराखी-मेंढपाळांचं कापड. तिथल्या मेंढ्यांची जाडीभरडी, तेलकट लोकर विणून घ्यायची, मग ते कापड पाण्यात भिजवून, तुडवून, चोळून इतकं आटवायचं की धाग्यांमधली भोकं बुजतात. वरून पाऊस निथळून जातो, वारा आत शिरत नाही. पूर्वी ते लोक एका मोठ्या तुकड्याला मधोमध गळा पाडून तोच अंगावर घेत. पुढं शिकारीच्या शौकीन ऑस्ट्रियन सम्राट फ्रान्झ योसेफनं लोडन अंगावर चढवलं आणि दरबारी मंडळी ते वापरू लागली. लोडनशी नाव जोडलेली १८४२ ची एक पेढी म्युनिकमध्ये आजही आहे. आता त्यात मऊ लोकरही घालतात. पाठीला उभी खोल चुणी असते, चालताना उघडते, थांबलं की मिटते.

मी तिथं उभी होते आणि मला पट्टणकोडोली आठवत होती. आमच्या सासरचं गाव तिथून जवळ. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर जमतात, भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं, आणि त्या पिवळ्यात काळी घोंगडी उठून दिसतात. सासूबाईंनी तिथून घेतलेलं एक घोंगडं माझ्याकडे आहे. काळ्या मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. पावसात धनगर त्याचीच खोळ करून डोक्यावरून घेतो आणि मेंढरांमागं दिवसभर उभा राहतो. लोकरीतलं तेल पाणी आत येऊ देत नाही, धाग्यांच्या कुरळेपणात हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. लोडनमध्ये आणि त्यात जातीचा काही फरक नाही. एकाला कापणारा, आटवणारा, कॉलर लावणारा मिळाला. दुसरं खांद्यावरच राहिलं.

कोट घेतला. चारशे युरोंच्या वर गेला. लेक पैसे देत होती, मी माझे दिले. त्या हिवाळ्यात बालवाडीच्या फाटकाशी एक आजी माझ्याजवळ आली, माझी बाही चिमटीत धरून तिनं मान डोलावली आणि जर्मनमध्ये काही बोलली. नातवानं भाषांतर केलं: "आजी, ती म्हणते चांगला निवडलास." खाली माझी गर्द जांभळी इरकल दोन बोटं दिसत होती. हिरव्याखाली ती शोभत होती.

परत आल्यापासून मात्र दुसरीच गोष्ट डोक्यात घोळते आहे. बंगळुरूहून दोनेकशे किलोमीटरवर चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे आहे, कुरुबांच्या कांबळ्यांसाठी नावाजलेलं. वर बेळगाव, कोल्हापूर, सांगलीच्या माळांवर दख्खनी मेंढ्यांचे कळप आहेत. त्या मेंढ्यांची लोकर आज कुणाला नको झाली आहे. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून कातरलेली लोकर माळावरच टाकून पुढं जाणारे धनगर आहेत. आणि मऊ लोकर आपण ऑस्ट्रेलियातून जहाजानं आणतो. शिवणारे हात या शहरात, लोकर शेजारच्या जिल्ह्यात, आणि दोघांची गाठ नाही. मला याचं वाईट वाटतं. जाडीभरडी लोकर अंगाला टोचते, खरं आहे. आल्प्समधलीही टोचतच असणार. कुणीतरी तिच्यावर शंभर-दीडशे वर्षं मेहनत घेतली.

म्युनिकचा कोट छान असला तरी बाह्या अर्धा इंच लांब होत्या. नगरथपेठेत एका जुन्या शिंप्यांकडे मी पूर्वीपासून जाते. बंगळुरूच्या पेठेत नामदेव शिंपी आणि भावसारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, बाहेर कन्नड, देव्हाऱ्यात विठोबा. या शिंपीकाकांच्या मराठीला कन्नडचा हेल आहे, आणि ती ऐकायला मला आवडते. त्यांनी कोट उलटा केला, अस्तराच्या कडेवरून अंगठा फिरवला, बाहीची दुमड उसवून कापड दोन बोटांत धरलं.

"अक्का," ते म्हणाले, "ही तर कंबळी आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हात चालूच होते. मग म्हणाले, त्यांच्या आजोबांनी इथल्याच मिलच्या लोकरी कापडाचे कोट शिवलेले. ती बंगलोर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल, तीही १८८४ मध्येच उभी राहिलेली. आता बंद आहे. "लोकरीवर हात बसायला वेळ लागतो," काका म्हणाले. "आता कुणी आणत नाही."

पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंचं घोंगडं घेऊन गेले. काकांनी ते टेबलावर पसरलं, नाकाशी नेलं, एका कडेची खळ नखानं खरवडून बघितली. अठरा नंबरची सुई लागेल म्हणाले, आणि आत मऊ सुती अस्तर, म्हणजे टोचणार नाही. मग बराच वेळ नुसते बघत राहिले.

"एकदा कातर लावली की परत घोंगडं व्हायचं नाही, अक्का."

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यांचं माप घेतलं. खडूनं रेघ ओढली, पण त्या काळ्या खरखरीत लोकरीवर खडू काही उमटेना. दुसऱ्यांदा ओढून पाहिली. मग खडू बाजूला ठेवला, सुईत पांढरा दोरा ओवला, आणि चष्मा वर सारून खांद्याची रेघ धावदोऱ्यानं घालायला लागले.