उकिरड्याची वेस

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१२-१४, नहेम्या ३:१४



मोशेच्या द्वारे इस्राएलास मिळालेल्या नियमांत एक असा आहे की, तो उपासनेत वाचतांना वाचक आवाज खाली करितो. छावणीबाहेर एक जागा ठेवावी, हत्यारांबरोबर खणण्याचे साधन बाळगावे, आणि आपली विष्ठा आपणच मातीने झांकावी, असा तो नियम. कारणही तेथेच दिले आहे : परमेश्वर छावणीत फिरत असतो. हे काम अमुक कुळाने करावे व तमुकाने करूं नये, असे तेथे नाही.

आम्हांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांच्या माथ्यावर दुसऱ्यांची घाण होती. ती वाहावयास लावण्यास कायद्याने १९९३ साली व पुन्हा २०१३ साली बंदी केली. तरी गटारांत उतरून माणसे मेल्याच्या वार्ता अद्याप येतात. म्हणून हा विषय देवळास शोभत नाही असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागी, हंबोल्ट उपसागराच्या कांठी, आर्केटा नांवाचे लहान नगर आहे. तेथील खाडीत कालवांची शेती होते, आणि नगराचे सांडपाणीही त्याच खाडीत जात असे. १९७४ साली तेथील सरकारने ठरविले की, खाडीचे हित होते असे दाखविल्यावाचून सांडपाणी तींत सोडूं नये. तेव्हां आसपासच्या गांवांचे पाणी एकत्र करून ते महासमुद्रांत लोटावे, अशी मोठ्या खर्चाची योजना निघाली. दूर लोटले म्हणजे दिसत नाही! आर्केटाचे लोक राजी झाले नाहीत. जॉर्ज ॲलन हे मत्स्यविद्येचे प्राध्यापक तेथे सांडपाण्यांत खारे पाणी मिसळून सॅमन माशांची पिल्ले वाढवीत होते. त्यांना रॉबर्ट गियरहार्ट हे अभियंते मिळाले. १९७९ पासून लहान प्रमाणावर प्रयोग झाले व १९८६ साली पूर्ण व्यवस्था सुरू झाली.

ती अशी. प्रथम जड गाळ खाली बसतो. मग पाणी उघड्या तळ्यांत राहते; तेथे शेवाळ उन्हांत प्राणवायु सोडते आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जंतु मळ खाऊन टाकितात. पुढे पाणी पाणकणसाच्या दलदलींतून अगदी सावकाश जाते. त्या दाट सावलींत शेवाळ वाढत नाही, व उरला गाळ देठांत अडकतो. यांतील कांही जागा पूर्वी नगराचा उकिरडाच होती. आज तेथे पाणपक्षी उतरतात, आणि लोक फिरावयास जातात.

नहेम्याच्या दिवसांत यरुशलेमेचा कोट बांधतांना तकोवाच्या सरदारांनी कामास मान वाकविली नाही. परंतु उकिरड्याची वेस कोणी उभारिली? रेखाबाच्या पुत्राने, मल्कीयाने. आणि तो एका परगण्याचा अधिकारी होता. त्याच्या नांवापुढे ती वेस लिहिण्यास शास्त्रलेखकास लाज वाटली नाही.

आमच्या मंडळ्यांत प्रीतिभोजनानंतर भांडी घासल्याचे पाणी बहुधा वाटेवर जाते, तेथून शेजाऱ्याच्या अंगणांत. उपदेशक बंधूंनो, पावसाळ्यापूर्वी विहिरीपासून दूर एक खड्डा खणा, त्यांत दगडगोटे व वर वाळू भरा. पहिली कुदळ पंचांनी घ्यावी; झाडलोट करणाऱ्या बाईस त्या दिवशी बसावयास चटई द्यावी.