जिवंत पकडावा की मारावा?

गणपतीच्या कामाला माणसं जमली की कामापेक्षा गप्पाच जास्त होतात, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. २०२५ च्या जुलै अखेरीस बुकित पंजांगला आमच्या घरी मखराच्या कामासाठी सात-आठ मंडळी जमली होती. त्याच आठवड्यात, २८ जुलैला, श्रीनगरजवळ दाचीगामच्या जंगलात पहलगामच्या हल्ल्यातले तीन अतिरेकी मारले गेल्याची बातमी आली होती. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसं गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली, तीन तर एकट्या डोंबिवलीची. जमलेल्यांपैकी एका वहिनींचं माहेर डोंबिवलीचं. त्यामुळे "बरं झालं, मेले एकदाचे" असं कोणीतरी म्हणालं तेव्हा कोणी वाद घातला नाही. मीही घातला नाही. जंगलात रायफल घेऊन बसलेल्या माणसाला हात जोडून शरण ये म्हणायचं, हे घरात बसून सांगणं सोपं आहे.

पण आमच्यात एक मुलगा होता, इथेच वाढलेला, नॅशनल सर्व्हिस नुकतीच संपवलेला. त्याने विचारलं, "अंकल, आणि ज्यांनी यांना पाठवलं ते? त्यातला एखादा रात्री घरी झोपलेला सापडला, तर त्यालाही मारायचं की पकडायचं?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे मी फार शांत डोक्याचा माणूस आहे असा वाचकांचा गैरसमज होणार नाही. १२ मार्च १९९३ ला मी मुंबईत एका महापालिका रुग्णालयात इंटर्न होतो. दुपारी जेवायला निघालो होतो, तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच जेवलो. त्या दिवशीच्या स्फोटांत २५७ माणसं गेली. आम्हा इंटर्न लोकांचं काम म्हणजे कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून कोण जिवंत आहे ते पाहायचं आणि बाकीच्यांना बाजूला ठेवायचं. ज्याने हे घडवलं तो त्या रात्री समोर आला असता, तर मी त्याची नाडी पाहिली नसती. डॉक्टर म्हणून हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग आला २६ नोव्हेंबर २००८. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, त्यात ओबेरॉयमध्ये अडकलेली आपल्या सिंगापूरची एक तरुण वकीलही होती. दहा अतिरेक्यांपैकी नऊ मारले गेले आणि एक जिवंत सापडला. तो सापडला कसा, हे आपल्याला पाठ आहे. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर होते. हातात फक्त लाठी. त्यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या आणि ती सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला धरलं. त्याला नायर रुग्णालयात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. ते वाचलं तेव्हा मला माझा १९९३ सालचा विचार आठवला.

आता प्रश्न असा, की त्या जिवंत माणसाने आपल्याला काय मिळालं? मेलेल्या नऊ जणांनी एक शब्दही सांगितला नाही. कसाबने गाव सांगितलं, प्रशिक्षण सांगितलं, बोट सांगितली. आधी कानांवर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपलाच नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं. खटला आर्थर रोड तुरुंगातच चालला, त्याला वकील दिला, ६ मे २०१० ला फाशी सुनावली, उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. बिर्याणीचे विनोद आपण सगळ्यांनी पुढे पाठवले. पण एका गोष्टीकडे माझं बऱ्याच उशिरा लक्ष गेलं. त्याच खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्याचे नकाशे यांनी पुरवले असा आरोप होता. न्यायालयाने पुरावा तपासला, तो टिकला नाही, दोघेही या खटल्यातून सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. हेच दोघे कुठल्या गल्लीत 'चकमकीत' मारले गेले असते, तर आपण त्या रात्री पेढे वाटले असते. चकमकीचं म्हणाल, तर २००६ साली मुंबईत वर्सोव्याला झालेल्या एका चकमकीबद्दल २०१३ मध्ये तेरा पोलीसच दोषी ठरले. आमच्या व्यवसायातही निदानाच्या आधी ऑपरेशन करणारे सर्जन असतात. त्यांचा हात चांगला असतो, पण चूक झाली की ती कळतच नाही.

सिंगापूरचं उदाहरण वेगळं आहे. जेमा इस्लामियाचा इथला म्होरक्या मास सलामत कस्तारी २७ फेब्रुवारी २००८ ला व्हिटली रोडच्या कोठडीतून स्वच्छतागृहाच्या खिडकीतून पळाला. ज्या मंडळींचं तेव्हा इथे वास्तव्य होतं त्यांना आठवत असेल, लिफ्टपाशी, बस स्टॉपवर, सगळीकडे त्याचा फोटो. तो पाय ओढत चालतो असं वर्णन होतं, त्यामुळे गुडघेदुखीचे माझे काही पेशंट उगाचच संकोचले होते! वर्षभराने, १ एप्रिल २००९ ला, मलेशियाच्या पोलिसांनी त्याला जोहोरमध्ये जिवंत पकडलं आणि २०१० मध्ये इथे आणलं. पण खुल्या न्यायालयात खटला झाला नाही. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धता, बस. म्हणजे जिवंत पकडलं की न्याय झालाच, असंही नाही. मात्र त्याच संघटनेच्या इतर स्थानबद्धांशी इथल्या मुस्लिम धर्मशिक्षकांनी २००३ पासून बसून बोलण्याचं काम केलं आणि पुढे त्यातले बहुतेक घरी गेले, हेही खरं. मेलेल्या माणसाशी ते बोलले नसते.

तर मखराचा कागद कापता कापता मी हे तुकड्यातुकड्यांनी सांगत होतो. तेवढ्यात कोणाच्या तरी आईने, भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आजींनी, मध्येच म्हटलं, "अहो, अश्वत्थाम्याचं काय झालं?" भागवतातली कथा तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री झोपलेली द्रौपदीची पाच मुलं त्याने मारली. अर्जुनाने त्याला बांधून तिच्यापुढे आणून टाकलं. भीम म्हणतो, मारा. आणि जिची मुलं गेली ती द्रौपदी म्हणते, सोडा, त्याची आई माझ्यासारखी रडायला नको. शेवटी कपाळावरचा मणी काढून त्याला हाकलला. तोच जखमेला तेल मागत हिंडतो म्हणतात.

आजींना वाटलं वाद संपला. पण बँकेत असलेले आमचे एक मित्र म्हणाले, "आणि मग त्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, ते विसरलात? ते कंदाहारच की!"

या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मसूद अझहरला १९९४ मध्ये जिवंतच पकडला होता. डिसेंबर १९९९ मध्ये विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात त्याला सोडावं लागलं आणि पुढच्याच वर्षी त्याने जैश-ए-मोहम्मद काढली. पुलवामाही त्याच संघटनेचं. पकडण्यात चूक नव्हती, सोडण्यात होती, असं मी म्हणालो खरा. पण त्या विमानात माझी बायको असती तर मीही सोडा म्हणूनच ओरडलो असतो. कैदी जिवंत असला की त्याच्यासाठी कोणीतरी ओलीस धरला जाऊ शकतो, ही किंमत जिवंत पकडा म्हणणाऱ्याने धरून चाललं पाहिजे.

मित्रांनी मग खरा घाव घातला. "डॉक्टर, ती नळी धरायला तुम्ही गेला असता?"

नाही, म्हणालो.

"मग दुसऱ्याने धरावी असं कशाच्या जोरावर म्हणता?"

तसं मी म्हणत नाही. ओंबळ्यांनी जे केलं ते मागण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, मला तर नाहीच. समोरच्याच्या हातात शस्त्र असेल तर पोलिसाने गोळी चालवावी, त्याच्या घरीही मुलं आहेत. २ मे २०११ च्या रात्री ॲबटाबादच्या त्या घरात जिना चढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना अंधारात काय दिसलं, ते मी इथे बसून ठरवणार नाही. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या खोलीबद्दल आहे, जिथे टेबलाभोवती बसून हुकूम लिहिला जातो. त्या हुकमात 'पकडा, आणि नाइलाज झाला तर मारा' असं असावं. 'मारून आणा' असं नसावं. म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं, की झोपलेला सापडला तर उठवावा, बेड्या घालाव्यात, आणि फहीम अन्सारीला मिळाला तसा त्यालाही वकील द्यावा.

आमच्या बँकेतल्या मित्रांना हे अजूनही पटलेलं नाही.