अंतर कशाने मोजावे?

बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये या दोन शहरांमध्ये एअर इंडियाची थेट विमानसेवा प्रथम सुरू झाली आणि ते १६-१७ तासांवर आले. बेळगावहून बंगळूरला रात्रीच्या बसने जाणाऱ्याला हा हिशेब चक्रावून टाकणारा आहे. ५०० किलोमीटरला एक अख्खी रात्र आणि पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला जायला दोन रात्रीही नाहीत!

मग अंतर म्हणजे नेमके काय? नकाशावरची रेघ की घड्याळातले तास? या दोन्हींचे नेहमी जमतेच असे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू झाले ते अटलांटिकवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने लांबली, प्रवास मात्र सुमारे दोन तासांनी घटला. आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वारा आधी तोंडावर येत होता, तो आता पाठीशी आला. लांबची वाट जवळची ठरली.

जवळ आणि दूर हे शब्द असे सैल झाले, की त्यांच्यावर टेकलेली कर्तव्येही हलतात. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. त्या काळी सातासमुद्रापार गेलेल्या माणसाने घरच्या दुखण्याखुपण्याला धावून यावे, अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. न येण्याचा दोष समुद्राच्या माथी जाई आणि समुद्र तो मुकाट्याने पोटात घाली. विमानाने हा आडोसा काढून घेतला. आता न येणे हा कुणाचा तरी निर्णय असतो.

म्हणून प्रत्येक वेळी यायलाच हवे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रजा, व्हिसा, तिकिटाचे पैसे, मुलांच्या शाळा ही अंतरे कोणत्याही नकाशात दाखवलेली नसतात. ‘येता येते’ यावरून ‘आलेच पाहिजे’ असे निघत नाही. निघते ते एवढेच, की ‘येताच येत नव्हते’ असे आता म्हणता येत नाही. जाणाऱ्याला कारण सांगावे लागते. आणि ते कारण शांतपणे ऐकून घेणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य ठरते.

पण हीच फूटपट्टी मागे राहिलेल्यांनाही लागू आहे, हे आपण सोयीने विसरतो. आपल्या सीमाभागात कित्येक घरांत एकच भिंत असते. अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड. मध्यरात्री म्हाताऱ्याला धाप लागली तर रिक्षा आणायला पळतो तो भिंतीपलीकडचा अण्णाच. उलट, त्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहणारा सख्खा चुलतभाऊ भेटतो तो लग्नाच्या पंगतीत. तिथे जायला ना व्हिसा लागतो, ना तिकीट. समुद्र तर नाहीच. मग आपण कोणते कारण सांगणार?

अमेरिकेतल्या मुलाकडे १६ तासांचा हिशेब जरूर मागावा. मात्र तो मागताना दोन गल्ल्यांमधल्या १० मिनिटांचा आपला हिशेबही शेजारी मांडून पाहावा.