आमच्या हद्दीत येत नाही

महाविद्यालयातल्या वृक्षारोपणाच्या बातमीतल्या फोटोचं वर्णन करत बसत नाही, असे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. रोप एक, हात नऊ आणि खड्डा मागच्या वर्षीचाच. त्यावर रागावणं मी केव्हाच सोडलं. मागच्या फ्लेक्सवर मात्र बोलणार, तो माझा जुना रोग आहे. ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ हे शब्द दहा फुटी प्लास्टिकवर छापून देताना त्या छापणाऱ्याला हसू कसं आवरलं असेल? आणि रोपाभोवती लगेच पेव्हर ब्लॉक. पाणी मुरायला वीतभर माती ठेवायची नाही आणि झाड मेलं की ‘यंदा ऊन फार होतं’ म्हणायचं.

असो. माझं डोकं फिरलं ते बातमीच्या तळाशी छापलेल्या उत्तराने. महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून तलाव आहे, त्यात बेशरमची झुडपं माजली आहेत, वसतिगृहाचं सांडपाणी तिकडेच जातं, त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. उत्तर आलं : “तो तलाव आमच्या हद्दीत येत नाही.”

ही हद्द काय चीज आहे, ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. भिंतीच्या पायथ्याशी एक भोक आहे. त्यात सिमेंटचा पाइप. पाइपचं एक तोंड आत, दुसरं बाहेर. मेसचं खरकटं पाणी, साबणाचा फेस, प्रयोगशाळेच्या बेसिनमधलं काय काय, सगळं रोज त्या भोकातून तलावात जातं. पोरांना मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर पडायला ओळखपत्र दाखवावं लागतं, सांडपाण्याला ते लागत नाही. म्हणजे पाणी आमच्या हद्दीतून निघतं, पण पोचतं तिथं आमची हद्द नसते. आणि उन्हाळ्यात आवारातली बोअरवेल कोरडी पडत नाही ती कुणाच्या झिरप्यावर? तिकडून इकडे येणारं पाणी चालतं बरं का. डासही येतात, त्यांना कुणी हद्द समजावून सांगितलेली नाही.

प्रवेशाचे दिवस आले की हीच हद्द कुठल्या कुठे जाते! आमगाव, देवरी, सालेकसा, थेट बालाघाटच्या बसस्टँडपर्यंत महाविद्यालयाचे फलक लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला लांबचं दत्तक गाव चालतं. तिथं जाऊन आमची पोरं लोकांच्या नाल्या उपसतात, घमेली उचलतात, संध्याकाळी गावकऱ्यांना स्वच्छतेवर पथनाट्य दाखवतात. गावकरी बिचारे बघतातही. ते गाव हद्दीत कसं बसलं बाप्पा? ते बसलं, कारण ते फायलीत बसतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आजवरच्या पद्धतीत हजार गुणांत सातव्या निकषाचे शंभर. त्यात हिरवा परिसर, ग्रीन ऑडिट, वाहनबंदी, प्लास्टिकबंदी आणि पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो. फोटोखाली अक्षांश-रेखांश सहा-सहा दशांशांपर्यंत छापून येतात. त्याच जागी उभं राहून कॅमेरा जरा डावीकडे वळवला असता तर तलाव आला असता, आकड्यांत काडीचा फरक पडला नसता.

निधी नाही, माणसं नाहीत, सेमिस्टरमुळे वेळ नाही, ही कारणंही सांगितली गेली. असतील खरी.

तलावाच्या बाबतीत मात्र ‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य महाविद्यालयाने शोधलेलं नाही, सरकारकडून उचललंय. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथले हे तलाव बांधले. नवेगावबांध त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात असे चौदाशेच्या आसपास आहेत. पाळ कुणी बांधायची, तुडूम म्हणजे पाणी सोडायची मोरी केव्हा उघडायची, सलंगावरून म्हणजे सांडव्यावरून पाणी जाऊ लागलं की कुणी धावायचं, हे सगळं ठरलेलं असे. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं, मालगुजार काही संत नव्हते. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे आपण मामा तलाव केले. पाळीची दुरुस्ती एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, बुडीत जमिनीवरचं अतिक्रमण तिसऱ्याकडे. कुणालाही विचारा, उरलेल्या दोघांकडे बोट. गाळ तेवढा तिघांच्याही हद्दीत न जाता तळाशी बसत राहिला.

आता शिकण्या-शिकवण्याचं. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. बारा वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, म्हणून 2003मध्ये पुन्हा सांगावं लागलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. पन्नास तास, त्यातले पाच क्षेत्रभेटीचे, क्षेत्रकार्याला पंचवीस गुण. क्षेत्रभेट कशाची? नदी, जंगल, गवताळ माळ, जवळचं प्रदूषित ठिकाण आणि तळं. होय, साधी परिसंस्था म्हणून तळ्याचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अख्ख्या देशात हा अभ्यासक्रम कुणाला सोपा जायला हवा होता तर तो या जिल्ह्याला. खिडकी उघडली की पाठ समोर. आमच्याकडे काय होतं? महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, स्पायरल बाइंडिंगसकट. नाव आणि रोल नंबरची जागा मोकळी सोडलेली. मी एक चाळला. चिपको आंदोलन होतं, ओझोनचा थर होता, उत्तर ध्रुवावरचं पांढरं अस्वल होतं. तिरोड्याच्या औष्णिक केंद्राचं नाव नव्हतं. 660 मेगावॅटचे पाच संच, 3300 मेगावॅट, आपल्याच जिल्ह्यात. त्याची वीज कुठं जाते, कोळसा कुठून येतो, राख कुठं पडते, आणि पऱ्हे वाळताना धानाच्या बांधीवरच्या मोटारीला किती तास पुरवठा मिळतो, यावर पंचवीस गुणांचा प्रकल्प कुणाही पोराने लिहिला असता. पण पांढरं अस्वल तक्रार करत नाही, संस्थाचालकांना फोनही करत नाही.

पर्यावरणीय न्याय म्हणून जो काही असतो तो इथं, त्या भिंतीमागे आहे. तलाव मेला तर प्राचार्यांचं काही बिघडत नाही, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांचं बिघडतं. त्यांच्या संस्था ठेका भरतात, आणि जाळ्यात येते बेशरमची मुळी. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांनाच बरोबर घेतलं. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारलं. बेशरम उपटली, स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या आणि रोहू-कतल्याच्या सरकारी बीजापलीकडे जे गावठी मासे विसरले गेले होते ते परत दिसू लागले. बायका यात पुढे होत्या. हे वनस्पतिशास्त्र विभागाचं काम नाही तर कुणाचं आहे? एकदा तरी त्या ढिवराला वर्गात बोलवा, तासिकेचे पैसे द्या. पाहुण्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ देता तेवढ्यात भागेल.

पोरं वाईट नाहीत हो. जूनच्या उकाड्यात पहाटे उठून सारस मोजायला जाणाऱ्यांत महाविद्यालयाची पोरं असतात, त्यांना कुणी गुण देत नाही. सारसांसाठी 2021मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून याचिका दाखल करून घ्यावी लागली. कोर्टाला नागपुरातून सारस दिसला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या विभागाला तलाव दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपली घाण जिथवर जाते तिथवर आपली हद्द धरावी. आता हे कुणाला सांगायचं, हाही प्रश्नच. पर्यावरणाचा हा तास बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या एखाद्या पोरसवदा प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो. त्याचं मानधन दिवाळीला येईल की होळीला, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याने तलावही सांभाळावा म्हणणं जरा जास्तच होईल. ज्यांचं वेतन पहिल्या तारखेला येतं ते महाविद्यालयाच्या पर्यावरण समितीत आहेत. समितीची बैठक होते, चहा कागदी कपात असतो. तेवढी सुधारणा झालीय, कबूल करतो.

पुढच्या महिन्यात ‘शाश्वत विकास आणि पर्यावरणीय न्याय’ या विषयावर एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र आहे म्हणतात. नोंदणी शुल्कात जेवण धरलेलं आहे. जेवणात मासा असेल तर तो आंध्रातून बर्फाच्या पेटीत आलेला असेल. चवीला बरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही.