हलव्याचा काटा आणि गोड बोलणे

पौषातील थंडी पडली की ग्वाल्हेरच्या बाजारात गजकाचे ढीग लागतात. मुरैन्याच्या गजकाची कीर्ती तर सर्वश्रुतच आहे, आणि ती खाण्यात आम्हीही कोणाच्या मागे नाही. तथापि लष्करातील जुन्या मराठी घरांतून संक्रांतीचा हलवा घरी करण्याचा परिपाठ अद्याप काही ठिकाणी टिकून आहे. आमचे घर त्यांपैकीच एक. त्या हलव्याच्या निमित्ताने जो एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हलवा म्हणजे साखरेचे कवच चढविलेला तीळ. कृती सांगावयास चार वाक्ये पुरतात, करावयास मात्र तीन-चार दिवस लागतात. साखरेत निम्मे पाणी घालून पाक उकळावयाचा, त्यात चमचाभर दूध टाकून वर आलेली मळी काढावयाची, आणि तार येण्यापूर्वीच पाक उतरवावयाचा. मग मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर परातीत पांढरे तीळ घेऊन त्यांवर चमचा-चमचा पाक सोडावयाचा व तो सुकेपर्यंत बोटांनी हलवीत राहावयाचे. सुकला की पुढचा चमचा. घाईने पाक अधिक ओतला तर तिळांचे गोळे होतात, विस्तव वाढविला तर साखर लालसर होते, हवा दमट असली तर काटाच येत नाही. म्हणून आमच्या मातोश्री पहाटेच्या गारव्यात शेगडीपाशी बसतात. परातीला चिकटलेली साखर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा हात चालू. पहिल्या दिवशी तीळ नुसता धुरकट दिसतो, पुढे कोठे त्यास काटा फुटू लागतो. याच हलव्याचे दागिने नववधूच्या व तान्ह्या बाळाच्या अंगावर चढतात.

आता प्रश्न असा. ज्याच्याविषयी मनात कटुता आहे, त्याच्या हातावर हा हलवा ठेवून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणावे काय? की तो दंभ होय?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. देवळातील पूजेच्या पाळीवरून आमचे तीर्थरूप आणि धाकटे काका यांच्यात वितुष्ट आले, त्यास काही वर्षे झाली. एकदा आमचा मंत्र चुकला असता काका चारचौघांत हसले, तो सल आमच्याही मनात होता. गतवर्षी रथसप्तमी उजाडली, तिळगुळाचा अखेरचा दिवस, तरी काकांकडे हलवा गेला नव्हता. तीर्थरूप म्हणाले, “मनात राग ठेवून हातावर साखर ठेवणे हे असत्य. देवापुढे उभे राहणाऱ्याने ते करू नये.” त्यावर मातोश्री एवढेच म्हणाल्या, “अहो, तीळ का आधीच गोड असतो? म्हणून तर पाक घालायचा.” आणि डबा आमच्या हाती दिला.

तीर्थरूपांचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सत्य व प्रिय अशी दोन्ही पथ्ये सांगितली आहेत, आणि प्रिय असले तरी असत्य वर्ज्यच ठरविले आहे. तेव्हा गोड बोलणे चांगले, एवढ्याने आमची सुटका होत नाही.

परंतु त्या चार शब्दांचा अर्थ नीट पाहू. ‘माझे मन तुमच्याविषयी निर्मळ आहे’ असे त्यांत कोठे म्हटले आहे? ‘घ्या’ आणि ‘बोला’ ही दोन्ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत. विधान खोटे असू शकते, विनंती खोटी कशी असेल? ती फार तर पोकळ असेल. आणि पोकळ केव्हा ठरेल? जो गोड बोला म्हणतो, तो स्वतः दुसऱ्या दिवसापासून पाठीमागे कडू बोलू लागला तर. म्हणजे या शब्दांचे खरेखोटेपण त्या दिवशीच्या मनावर नव्हे, पुढील वर्षभराच्या वागणुकीवर ठरते.

कोणी म्हणेल, ढोंगी मनुष्यही गोडच बोलतो. खरे आहे. पण ढोंग्याला दुसऱ्यास फसवून काही साधावयाचे असते, आणि काम झाले की त्याची साखर संपते. ज्याला आपला राग ठाऊक आहे, त्याची लाज वाटते, आणि तो उतरावा म्हणून जो जिभेला वळण लावतो, त्यास ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल. संध्येस बसणाऱ्याचे चित्त पहिल्या दिवसापासून स्थिर असते असे थोडेच आहे? स्थिर नाही, म्हणूनच तो बसतो.

आम्ही काकांकडे गेलो. पाय जड होते, हे कबूल करतो. काकांनी हलवा घेतला, ‘बस’ म्हणाले नाहीत. काकूंनी मात्र रिकामा डबा परत न देता त्यात गुळाच्या चार वड्या घालून दिल्या. घरी आल्यावर तीर्थरूपांनी त्यातली एक उचलून मुकाट्याने तोंडात टाकली. पाळीचा वाद आजही मिटलेला नाही, आणि न्याय कोणाच्या बाजूस हेही साखरेने ठरणार नाही, ते हिशेब पाहूनच ठरावे. पण त्या दिवसापासून काकांविषयी बाहेर वावगा शब्द काढावयाचा नाही, असे आम्ही मनाशी ठरविले. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा सावरलो.

एका चमच्याने हलव्याला काटा येत नाही. यंदाही पहाटे शेगडी पेटेल. रथसप्तमीपर्यंत वाट न पाहता, संक्रांतीच्या दिवशीच डबा घेऊन जावे, असा आमचा मानस आहे. ज्या वाचकांचा असाच एखादा डबा घरी राहून गेला असेल, त्यांनीही विचार करावा, ही नम्र विनंती.