सहा भेटींनंतर काय?

मानसिक आरोग्यावर हल्ली कुठेही चर्चासत्र झाले की एक वाक्य हटकून ऐकू येते: मनोविश्लेषण ही पैसेवाल्यांची चैन आहे. आमच्या शहरातल्या एका विश्वस्त संस्थेने वस्तीसाठी समुपदेशन केंद्र काढायचे ठरवले, तेव्हाच्या बैठकीतही ते ऐकले. मांडणी करणारे गृहस्थ अभ्यासू आणि कळकळीचे होते. त्यांचा हिशेब सरळ होता. माणसामागे सहा भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या तासाची. सुरुवातीला आणि शेवटी नऊ प्रश्नांचा तक्ता भरून घ्यायचा आणि गुण उतरले की फाइल बंद करायची. बालपण, स्वप्ने, नेणीव, मनात गाडलेली जुनी दुःखे हे ज्यांना परवडते त्यांनी खाजगीत पाहून घ्यावे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला हा दावा इतिहास म्हणून खोटा आणि धोरण म्हणून अन्यायाचा वाटतो.

आधी इतिहासाचे बोलू. सप्टेंबर १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपायला सहा आठवडे उरले असताना, बुडापेस्टच्या विज्ञान अकादमीत मनोविश्लेषकांचे अधिवेशन भरले. तिथे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी जे मांडले ते त्यांना श्रीमंतांचे वैद्य म्हणणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावे. शस्त्रक्रियेवर गरिबाचा जितका हक्क, तितकाच मनाच्या उपचारावरही आहे, असे ते म्हणाले. मनोविकार सार्वजनिक आरोग्याला क्षयाइतकेच घातक आहेत, त्यासाठी मोफत दवाखाने निघाले पाहिजेत आणि सरकारला जाग येईपर्यंत ते दानातून चालवावे लागतील, असेही त्यांनी सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच ओळखली होती. हे काम मोठ्या प्रमाणावर करायचे तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात सूचनेचे, सल्ल्याचे तांबे मिसळावे लागेल. या शेवटच्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

भाषणे पुष्कळ होतात. या भाषणाचे वेगळेपण असे की ऐकणाऱ्यांनी ते अमलात आणले. दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९२० मध्ये, बर्लिनच्या पोट्सडामर रस्त्यावर मनोविश्लेषणाचे पॉलिक्लिनिक, म्हणजे बाह्यरुग्ण दवाखाना, उघडले. खर्च प्रामुख्याने विश्लेषक माक्स आयटिंगॉन यांनी उचलला आणि खोल्यांची मांडणी फ्रॉइड यांच्या मुलाने, एर्न्स्टने केली. शुल्क ठरवण्याची रीत आजही कोणत्याही केंद्राने जशीच्या तशी उचलावी अशी होती: रुग्णाला जितके देणे जमते असे वाटते, तितके त्याने द्यावे. घरकाम करणाऱ्या बाया, कारागीर, कारकून, शिक्षक, विद्यार्थी तिथे येत. दहा वर्षांनी, १९३० मध्ये, तिथलेच विश्लेषक ओटो फेनिचेल यांनी आकडे प्रसिद्ध केले. १९५५ जणांनी सल्ला घेतला होता, ७२१ जणांचे विश्लेषण सुरू झाले. त्यांतले ३६३ पूर्ण झाले, २४१ मध्येच सुटले, ११७ अजून चालू होते. पूर्ण झालेल्यांपैकी १११ बरे झाले, ८९ जणांत मोठी सुधारणा झाली, ११६ जणांत थोडीफार, आणि ४७ जणांना काहीच गुण आला नाही. या आकड्यांवरून उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि निकाल उपचार करणाऱ्यांनीच दिला होता. पण दारात कोण येत होते आणि काय मागत होते, एवढे त्यांतून स्वच्छ कळते. चैनीच्या दुकानात घरकामगार बाई स्वप्न सांगायला जात नाही.

व्हिएन्नाचा दवाखाना मे १९२२ मध्ये निघाला. पेलिकानगासे या गल्लीतल्या हृदयरोग केंद्राच्या खोल्या दुपारनंतर रिकाम्या असत, त्या मागून घेतलेल्या. मनोविश्लेषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गालिचा घातलेला तो प्रसिद्ध कोच येतो. इथे रुग्ण हृदय तपासायच्या टेबलावर झोपत. त्यावर स्प्रिंग नसलेली गादी, चढायला पायरी, आणि डोक्यामागे साध्या लाकडी स्टुलावर विश्लेषक. रिचर्ड श्टेर्बा या तिथल्याच तरुण डॉक्टरांनी हे सारे लिहून ठेवले आहे. तासभर असे झोपणे किंवा बसणे दोघांपैकी कुणालाच सुखाचे नव्हते. त्याच शहरात फ्रॉइड यांचे एकेकाळचे सहकारी आल्फ्रेड आडलर यांनी शाळाशाळांतून बालमार्गदर्शन केंद्रे काढली. ते शिक्षक-पालकांच्या देखत मुलाशी बोलत आणि ऐकणारे शिकत. ही केंद्रे १९३४ नंतर हुकूमशाहीत बंद पडली, व्हिएन्नाचा दवाखाना १९३८ मध्ये नाझींनी संपवला, आणि आयटिंगॉन यांना त्याआधीच बर्लिन सोडून पॅलेस्टाइन गाठावे लागले होते. यांतले बरेच विश्लेषक दुसऱ्या महायुद्धापूर्वीच अमेरिकेत विखुरले. तिथल्या खाजगी वैद्यकाने त्यांच्या विद्येला महागडा पोशाख चढवला आणि पुढे साऱ्या जगाला तोच खरा वाटला. मनोविश्लेषण चैनीचे झाले ते असे. त्याचा जन्म तसा नव्हता.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. हा मुद्दा व्हिएन्नातला नाही, आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी मिळाल्या. दिवस कसा जातो, कशात हात घातला तर बरे वाटते, काय टाळले जाते, एवढ्यावरच बोलणे. सुमारे ५०० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पात, शेतकरी आत्महत्यांच्या भागात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काम लहान नाही. ज्या गावात कधी मानसोपचारतज्ज्ञ फिरकला नाही, तिथे कुणीतरी खुर्ची टाकून ऐकत बसले. बर्लिनमध्ये ७२१ जणांना दहा वर्षे लागली. ही तुलना टाळून मनोविश्लेषणाचा कैवार घेणे मला अप्रामाणिक वाटते.

म्हणून माझी मागणी सहा भेटींच्या जागी नुसते विश्लेषण आणा अशी राहू शकत नाही. फ्रॉइड यांचे ते तांबे गोव्यात फार उत्तम घडवले गेले आहे. समुपदेशक बाईला पदवीची गरज नाही, हे गोव्याने दाखवले. तिच्या पाठीशी दर आठवड्याला कुणीतरी तिचे काम तपासून बोलणारे हवे, हे बर्लिनचे सूत्रच गोव्याने पुन्हा सिद्ध केले. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागे आणि देखरेखीखाली दवाखान्यातले रुग्ण पाहावे लागत. प्रशिक्षण आणि सेवा एकमेकांत गुंफलेली होती, म्हणूनच ती स्वस्त होती.

वाद उरतो तो फाइल बंद करण्याबद्दल. एका केंद्रात मी काही काळ स्वयंसेवक होतो. तिथली एक बाई, ओळख पटेल असे सगळे बदलून सांगतो, सहाव्या भेटीला आली. तक्त्यावर २७ पैकी १७ वरून ६ गुण. झोप लागत होती, शिवणाचे काम पुन्हा सुरू झाले होते. समुपदेशक ताई आनंदाने म्हणाल्या, “आता तुम्ही बऱ्या आहात.” बाईने पर्स उचलली, चप्पल घातली आणि म्हणाली, “हो ताई. फक्त सासूबाईंची खोली अजून मी झाडत नाही. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.” ताई गप्प झाल्या. नऊ प्रश्नांपैकी एकही त्या खोलीपर्यंत पोचत नव्हता. ती खोली का झाडता येत नाही? मेलेल्या सासूशी कोणते भांडण अजून चालू आहे, की कोणते प्रेम कधी बोलायचे राहूनच गेले? याला सातवी भेट पुरणार नव्हती, कदाचित सतरावीही नाही. आणि केंद्राच्या नोंदीत ही केस यशस्वी म्हणून गेली.

यावर पुरावा मागितला जाईल, आणि तो मागावाच. लंडनचे टॅव्हिस्टॉक क्लिनिक १९२० सालचेच, आज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा भाग. त्यांनी १२९ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दोन वर्षांहून अधिक काळ नैराश्य आणि आधीचे किमान दोन उपचार फसलेले, अशी ही माणसे. एका गटाला आठवड्यातून एकदा, दीड वर्षात ६० भेटींचा मनोविश्लेषणात्मक उपचार दिला, दुसऱ्याला नेहमीची सेवा. उपचार संपले त्या दिवशी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो नंतर. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ४४ टक्के तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसेनासे झाले होते, दुसऱ्यातले १० टक्के. जो निधी देणारा तीन महिन्यांनी अहवाल मागतो, त्याला हे फळ कधीच दिसणार नाही. अशा माणसांना आपण काय सांगतो? तुमचे दुःख आमच्या तक्त्यात मावत नाही, तुम्ही घरी जा.

ही परंपरा आपल्याकडे परकी आहे असेही कुणी म्हणू नये. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था १९२२ मध्ये काढली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि भारतीय रुग्णांची मने तुमच्या सिद्धांताप्रमाणे चालत नाहीत, असे ते त्यांना आदराने पण ठामपणे लिहीत. मुंबईत के. आर. मसानी यांनी टाटा समाजकार्य शाळेत १९३७ साली देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. महाराष्ट्राला पुढे विवेकनिष्ठ उपचारपद्धती जास्त जवळची वाटली, आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत इतकी रुजवली की तिचे जनक अल्बर्ट एलिस यांचे नाव इथल्या मध्यमवर्गीय घरांत परिचयाचे झाले. त्या कामाने हजारोंना आधार दिला आहे. पण खुद्द एलिस आधी विश्लेषकच होते, आणि त्यांचे स्वतःचे विश्लेषण कारेन हॉर्नाय यांच्या गटातल्या विश्लेषकाकडे झाले. हॉर्नाय त्याच बर्लिनच्या संस्थेत शिकवत असत. म्हणजे तेही त्याच घरातले. भांडून बाहेर पडले, एवढेच.

ज्या विश्वस्तांनी आमच्या शहरातल्या केंद्राचा ठराव केला, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. सहा भेटींची सोय जरूर करा, ती सर्वांसाठी ठेवा. त्यासोबत अंदाजपत्रकात आणखी एक रकाना घाला: दर दहा माणसांमागे एकासाठी दीड वर्षाच्या साठ भेटी, त्याला जमेल त्या शुल्कात. समुपदेशक ताईंवर देखरेख ठेवणाऱ्या अनुभवी उपचारकाचा पगार त्यातच धरा. शिकणाऱ्यांना त्या रुग्णांवर शिकू द्या, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. आणि सहाव्या भेटीच्या तक्त्यावर दहावा प्रश्न छापा: आणखी काही सांगायचे राहिले आहे का? त्याला ‘हो’ असे उत्तर आले तर फाइल बंद करू नका.