पूर्वजांचीं गाणीं आणि त्यांचे वारस

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सुटीसाठीं आमच्याकडे आला होता. माळ्यावरील जुनी ट्रंक उपसतांना त्याच्या हातीं एक वही लागली. ती मींच पंचवीस वर्षांपूर्वीं लिहिलेली होती. माझी आई दळतांना ज्या ओव्या म्हणत असे, त्यांपैकीं तिला आठवल्या तेवढ्या मीं तिच्या अखेरच्या दुखण्यांत उशाशीं बसून उतरून घेतल्या होत्या. मुलानें ती वही एका बैठकींत वाचून काढली आणि मोठ्या उत्साहानें विचारलें, "काका, आजीच्या या ओव्या आमच्या बँडमध्यें घेऊं का?" त्याचा बँड म्हणजे विजेच्या गिटारी, चारी हातापायांनीं वाजवावयाचे ड्रम आणि घशाच्या तळांतून काढलेला एक खर्जाचा हुंकार. या संगीतास 'हेवी मेटल' असें नांव आहे. मीं तत्काळ नाहीं म्हणून सांगितलें. तो रागावला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "मग तुम्ही त्यांचें काय करणार आहांत?"

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पंचवीस वर्षांत मीं ती वही एकदांही उघडली नव्हती. वारसा जपणें म्हणजे तो जसा आला तसा बंद करून ठेवणें, कीं तो वापरून, प्रसंगीं झिजवून, पुढें देणें? हा प्रश्न मीं वर्गांत अनेकदां चर्चेस घेतला आहे. पण घरांतल्या वहीच्या निमित्तानें तो माझ्यापुढें प्रथमच उभा राहिला. मुलानें जातांना कांहीं ध्वनिमुद्रिका ऐकावयास दिल्या आणि म्हणाला, "नाहीं म्हणा, पण ऐकून म्हणा." ती अट न्याय्य होती. मीं ऐकूं लागलों, आणि हें लोकगीतांचें आणि धातूच्या गजराचें मीलन कसें घडलें याची चौकशीही करूं लागलों.

या संगीताचा उगम बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत आहे. तेथें टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावरा असल्यामुळें तारा दाबावयाचीं बोटें नेमकीं तींच होतीं. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा चढविल्या, आणि पुढें त्याही सैल करून वाद्याचा स्वर खालीं उतरविला. १९७० सालीं त्याच्या 'ब्लॅक सॅबाथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. हेवी मेटलचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानतात. म्हणजे ज्या आवाजास आम्ही निव्वळ गोंगाट म्हणतों, त्याच्या मुळाशीं कारखान्यांत राबलेला एक जखमी हात आहे.

दुसरा प्रवाह याच सुमारास वाहूं लागला होता. १९६९ मध्यें 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या इंग्रज बँडनें 'लीज अँड लीफ' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्यापैकीं ॲशली हचिंग्ज यांनीं लंडनमधील सेसिल शार्प हाउस या लोकगीतांच्या संग्रहालयांत बसून जुन्या चालींचा शोध घेतला होता, आणि शेकडों वर्षांचीं कथागीतें त्यांनीं विजेच्या गिटारींवर आणलीं. आयर्लंडमध्यें 'हॉर्सलिप्स' या बँडनें १९७३ सालीं 'द टॉइन' काढली. तिचा आधार म्हणजे एका बैलासाठीं राणी मेव्हनें अल्स्टरवर केलेल्या स्वारीची प्राचीन आयरिश कथा. त्या स्वारीस कूखुलिन हा तरुण वीर एकटा अडवून धरतो. विराटाच्या गाई वळविण्यासाठीं आलेल्या कौरवसेनेपुढें एकटा उभा ठाकलेला अर्जुन ज्यांना ठाऊक आहे, त्या आमच्या वाचकांस ही कथा परकी वाटूं नये. या ध्वनिमुद्रिकेंतील 'डियरग डूम' या गाण्याची मुख्य गत जुन्या आयरिश घोडदळाच्या कूचगीतावरून घेतलेली आहे.

हे दोन्ही प्रवाह पुरते मिळाले ते १९९० नंतर. त्या सालीं उत्तर इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें 'स्कायक्लॅड' हा बँड स्थापन झाला. आकाश हेंच ज्याचें वस्त्र तो स्कायक्लॅड. आपल्या 'दिगंबर' या शब्दाचा इंग्रजींत हाच तर्जुमा करतात. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ मध्यें निघाली. तिच्यांतील 'विडर्शिन्स जिग' या गाण्यांत हेवी मेटलच्या गजराबरोबर खेड्यांतल्या नाचाची फिडल वाजते. विडर्शिन्स म्हणजे सूर्याच्या गतीच्या उलट. आपण अपसव्य म्हणतों तें. या संगीतास पुढें 'फोक मेटल' हें नांव पडलें, आणि त्याचा पहिला मान बहुतेक जाणकार याच बँडला देतात. पुढें डब्लिनच्या 'क्रूअखान'नें १९९५ मध्यें आयरिश चाली आणि वाद्यें या गजरांत आणलीं. त्या बँडचें नांव मेव्ह राणीच्या राजधानीचेंच आहे. फिनलंडच्या 'अमॉर्फिस'नें १९९४ मध्यें आपल्या देशाचें महाकाव्य जें 'कालेवाला', त्यांतील कथांवर 'टेल्स फ्रॉम द थाउझंड लेक्स' ही ध्वनिमुद्रिका रचली.

आतां माझ्या आक्षेपांकडे येतों. पहिला आक्षेप असा कीं, ही ढवळाढवळ आहे. लोकगीत जसें आहे तसेंच राहिलें पाहिजे. पण तें 'जसें आहे तसें' आजवर कोणीं राखलें? १९०३ सालीं सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज या गांवीं सेसिल शार्प यांनीं पाद्रीबोवांच्या बागेंत गवत कापणाऱ्या एका माळ्याच्या तोंडून एक गीत ऐकलें, आणि तेथून त्यांच्या संग्रहास आरंभ झाला. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु गीतें छापतांना त्यांनीं पियानोची साथ जोडली, आणि सभ्य दिवाणखान्यास न मानवणारे शब्द सौम्य केले. एलियास ल्योनरोट या फिनिश वैद्यानें गांवोगांव हिंडून जुनीं गीतें गोळा केलीं, त्यांना क्रम लावला, मधले दुवे स्वतः रचले, आणि १८३५ मध्यें 'कालेवाला' प्रसिद्ध केलें. १८४९ च्या वाढविलेल्या आवृत्तींत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. अशा क्रमानें तें काव्य कोणत्याही एका गायकानें कधीं गाइलें नव्हतें. तरीही रशियाच्या सत्तेखालीं असलेल्या त्या छोट्या राष्ट्रास आपली भाषा ताठ मानेनें बोलण्याचें बळ त्याच ग्रंथानें दिलें. तेव्हां बदल करणें हेंच पाप असेल, तर आमचे सर्व आदरणीय संग्राहकही त्या पापाचे भागीदार ठरतात. पियानोचा बदल आम्हांस खपतो आणि गिटारीचा खपत नाहीं, याचें कारण निष्ठा नसून आमची अभिरुचि आहे. हें कबूल करणें मला जड गेलें. पण इलाज नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लोकगीतास श्रोता नसतो. जात्यावरची स्त्री कोणासाठीं गात नव्हती. गाण्यानें तिचे श्रम हलके होत होते. तें गीत रंगमंचावर नेलें कीं गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे होतात, आणि गीताचें प्रयोजनच पालटतें. हा आक्षेप मला आजही खरा वाटतो. हानि होतेच. परंतु ती हानि गिटारीनें केलेली नाहीं. पिठाची गिरणी आली त्या दिवशींच ती झाली. आणि ती झाली याचें दुःख आईला मुळींच नव्हतें. पहांटे तीनला उठून दोन पायली दळणाऱ्या बाईस तिच्या कष्टांचें काव्य तुम्ही ऐकवूं नये. गेलेल्या श्रमासाठीं हळहळावें असा अधिकार ज्यांनीं खुंटा कधीं धरला नाहीं त्यांस नाहीं, आणि त्यांत मी पहिला.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तोच सर्वांत गंभीर. पूर्वजांचें नांव घेऊन केलेली गर्जना फार लवकर परक्यांवरील गर्जना होते. नॉर्वेमध्यें या संगीताच्या एका कडव्या शाखेंतील तरुणांनीं ख्रिस्तपूर्व पूर्वजांच्या नांवानें चर्चे पेटविलीं. त्या काळांत, ६ जून १९९२ रोजीं, बर्गेनजवळील फँटॉफ्टचें लाकडी चर्च जाळलें गेलें. मूळचें तें फोर्टुन येथें बाराव्या शतकांत उभारलेलें. १८८३ मध्यें तेथून फँटॉफ्टला हलविलेलें. नॉर्वेच्या सुतारांची पिढ्यांपिढ्यांची कला त्या लाकडांत होती. पूर्वजांच्या गौरवासाठीं पूर्वजांच्याच हातचें काम राख करावें, याहून मोठा विपर्यास कोणता? तें चर्च १९९७ मध्यें पुन्हां बांधून झालें. पण जुनीं लाकडें आणि त्यांवरील हातांच्या खुणा परत आल्या नाहींत.

मात्र याच इतिहासांत उलट उदाहरणही आहे. इस्राएलच्या 'ऑर्फन्ड लँड' या बँडनें १९९४ च्या 'सहारा' या ध्वनिमुद्रिकेपासून पौर्वात्य चाली आपल्या संगीतांत आणल्या. पुढें अरब देशांतही त्यांना चाहते मिळाले. आणि २०१३ मध्यें 'खलास' या पॅलेस्टिनी बँडबरोबर त्यांनीं युरोपचा दौरा केला. त्यानें त्या भूमींतलें वैर मिटलें नाहीं, हें सांगावयास नकोच. पण एकच गजर आणि तीच पूर्वजभक्ति. एके ठिकाणीं तिनें आग लावली आणि दुसऱ्या ठिकाणीं वैऱ्यांच्या मुलांना एका गाडींत बसविलें. यावरून दोष वाद्याचा नाहीं आणि वारशाचाही नाहीं, हें उघड आहे. वारस आपल्या वारशाकडे मालकीच्या दृष्टीनें पाहतो कीं ऋणाच्या, यावर सर्व अवलंबून आहे.

ऋण हा शब्द मीं बुद्ध्याच वापरला. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी मानला, आणि तें ऋण फेडण्याची मोठी विलक्षण रीत सांगितली. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नसतें. तें अध्ययनानें आणि अध्यापनानें फिटतें. पितरांचें ऋण पुढल्या पिढीस जन्म देऊन फिटतें. म्हणजे देणें मागच्यांचें, आणि फेड पुढच्यांकडे. जो मिळालेलें धन पेटींत ठेवून तिच्यावर बसतो, तो प्रामाणिक असेल. पण ऋणमुक्त नव्हे. मालकास मात्र हें बंधन नाहीं. तो ठेवील, विकील, जाळील, किंवा "हें माझें, तुझें नव्हे" म्हणून दुसऱ्यास हांकलील. ऋणको असें म्हणूं शकत नाहीं. त्याला तीन गोष्टी बांधून ठेवतात: कोणाकडून घेतलें तें नांव सांगणें, घेतलें त्याचा अर्थ समजून घेणें, आणि पुढें देतांना हात आंखडता न घेणें. या तीन कसोट्या लावल्या, तर दिवाणखान्यांतील कित्येक सुश्राव्य मैफिली नापास होतील, आणि कित्येक कर्कश बँड उत्तीर्ण होतील.

अर्थात् एक गोष्ट उरतेच. आईला विचारतां येत नाहीं. तिला हा गजर आवडला असता असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. बहुधा तिनें कानांवर हात ठेवले असते. परंतु माझी ती नीटनेटकी वही तरी तिला आवडली होती काय? ओव्या सांगतांना ती वारंवार अडत असे. एकदां वैतागून म्हणाली, "अरे, हातांत खुंटा असल्यावांचून ओवी येत नाहीं रे." मग तिनें मूठ वळली आणि पांघरुणावर हात गरागरा फिरवूं लागली. त्याबरोबर ओव्या एकामागून एक आल्या. मी भराभर शब्द लिहीत होतों. चाल मीं उतरून घेतली नाहीं. हाताकडे पाहिलेंसुद्धां नाहीं.

गेल्या महिन्यांत मीं मुलास फोन करून वही घेऊन जा म्हणून सांगितलें. तीन अटीही सांगितल्या. त्यानें त्या कबूल केल्या, आणि जरा थांबून विचारलें, "काका, आजी केवढ्या वेगानें दळत असे? ठेका तसाच धरला पाहिजे." मी फोन कानाशीं धरून टेबलावर मूठ फिरवूं लागलों. वेग नक्की आठवेना. एकदां वाटे, हळू. एकदां वाटे, याहून पुष्कळच जलद. तो पलीकडे वाट पाहत होता. शेवटीं मीं त्याला म्हटलें, "तूं इकडे ये. मोठ्या आत्याकडे जाऊं. तिला हात लावून दळावयास बसवीत असत. तिच्या हाताला कदाचित् आठवत असेल."